इंजिन बदलले, मिसिंग राहिले

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरले, तेव्हा माझ्या दाजींची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच उभी होती. पाणी बॉनेटच्या कडेपर्यंत चढले. ते ओसरल्यावर गाडी ओढून गॅरेजला नेण्याआधीच एका हौशी शेजाऱ्याने चावी फिरवून सेल मारला. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दबत नाही. पिस्टन वर येताना त्याला जागा उरत नाही आणि मागून येणारा जोर कनेक्टिंग रॉडवर पडतो. तो रॉड वाकला आणि ब्लॉकच्या बोअरलाही, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीलाही, ओरखडे गेले. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत अशा रीतीने झालेले इंजिनाचे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते, आणि ती दाजींनी घेतलेली नव्हती. शेवटी त्याच मॉडेलच्या, मागून धडक बसलेल्या एका गाडीचे सेकंडहँड इंजिन मिळवून ते शहरातल्या एका गॅरेजमध्ये बसवण्यात आले.

गाडी सुरू झाली, पण सुधारली नाही. सकाळी थंड असताना ती पहिल्या सेलला चालू होई. मात्र आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची चाल, स्थिर नसे, रेस आपोआप वर जाई आणि खाली येई. गरम झाली की वेगळाच त्रास सुरू होई. कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबून पुन्हा निघताना गाडी धक्के मारी, चेक इंजिनचा दिवा लुकलुके, आणि बंद करून लगेच सुरू करायला जावे तर बॅटरी उतरल्यासारखा सेल जड फिरे. पिकअप मंदावला होता आणि अ‍ॅव्हरेजही घसरले होते. दाजी या सगळ्याला मिळून एकच शब्द वापरत: मिसिंग.

गॅरेजने आधी प्लग बदलले, मग एक कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), मग इंजेक्टर साफ केले, मग कॅम सेन्सर (झडपा उघडणाऱ्या दांड्याची स्थिती कळवणारा) नवा घातला. प्रत्येक वेळी गाडी थोडी सुधारल्यासारखी वाटे आणि कागलपर्यंत जाऊन येईस्तोवर पुन्हा तेच. अखेर ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक बिघडला, असा निकाल लागला आणि त्याची किंमत ऐकून दाजी माझ्याकडे आले. ‘पावणं, एकदा तुम्हीच बघा की,’ एवढेच ते म्हणाले. मी मेकॅनिक नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये सिलिंडर हेडची (सिलिंडरवर बसणाऱ्या झाकणाची) तपासणी करणे हे माझे काम. म्हणजे इंजिन मला माहीत आहे ते टेबलावर, गेज लावलेल्या अवस्थेत. पण मोजल्याशिवाय भाग नाकारायचा नाही ही त्या कामाची सवय येथे उपयोगी पडेल असे वाटले.

इंजिन बदलल्यानंतर उद्भवलेल्या तक्रारीत सर्वांत आधी आळ येतो तो आणलेल्या इंजिनावर, कारण तेच परके असते. माझे मत याच्या उलट आहे. आणलेले इंजिन दुसऱ्या गाडीत चालत होते; ते आतून बिघडलेले असू शकते, पण ते तपासणे सोपे आहे आणि त्याला फार वेळ लागत नाही. खरी शंका घ्यावी ती इंजिन आणि गाडी जिथे एकमेकांना भेटतात त्या जागांची: होज, पॅकिंग, कनेक्टर, अर्थिंग (विजेची परतीची वाट), फाउंडेशन (इंजिनाखालचे रबरी टेकू), सायलेन्सरचे जोड. इंजिन उतरवताना हे सगळे सुटते आणि चढवताना घाईत जोडले जाते. त्यातून ही गाडी पुरातली. इंजिन बदलले तरी वायरिंग तेच राहिले होते, आणि गढूळ पाण्यात इंजिनाइतकेच तेही बुडाले होते.

कोल्हापूरचा माणूस लोखंडाला भीत नाही. उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या ऑईल इंजिने उघडली आणि जोडली गेली. बोअर, क्रँक, बेअरिंग यांतला दोष इथला जुना मिस्त्री आवाजावरून सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो. मात्र याच हातोटीमुळे तांब्याच्या तारेतला दोष आपल्याकडे उशिरा सापडतो असे मला वाटते. तो आवाज करत नाही, हाताला लागत नाही, आणि त्यासाठी मल्टीमीटर काढावा लागतो, जो पुष्कळदा ड्रॉवरमध्ये सेल संपलेल्या स्थितीत असतो.

म्हणून पहिल्या दिवशी मी गाडीला पाना लावलाच नाही. एक कागद घेतला आणि गॅरेजमधल्या मिस्त्रींना विचारून त्यावर तीन रकाने भरले. नव्या इंजिनाबरोबर काय आले, जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर काय चढवले, आणि हात न लावता पण पाण्यात भिजून गाडीतच काय राहिले. मिस्त्री मोकळेपणाने बोलले. अपघातातल्या गाडीचे इंजिन थोडे नंतरच्या सालातले असल्याने काही कनेक्टर जुळत नव्हते. त्यामुळे जुन्या इंजिनाचा प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ), थ्रॉटल बॉडी (आत येणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि बहुतेक सेन्सर नव्यावर बसवले होते. मॅनिफोल्डचे रबरी पॅकिंग? ‘चांगलं होतं, तेच घातलं.’ अर्थिंगच्या पट्ट्या? त्यावर ते जरा थांबले आणि ‘बॅटरीची लावली आहे’ म्हणाले. त्या कागदावर या दोन उत्तरांखाली मी रेघ मारून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर, इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करून स्कॅनर लावला. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि त्यात बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर मोबाईलवर सेन्सरांचे आकडे दाखवतो. थंड गाडीचे वाचन फार मोलाचे असते, कारण त्या वेळी कोणता आकडा काय असायला हवा हे आपल्याला आधीच ठाऊक असते. कुलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान हे दोन्ही त्या वेळी जवळजवळ सारखे हवे. एक चोवीस आणि दुसरे चाळीस अंश दाखवत असेल, तर त्यातला एक सेन्सर किंवा त्याची तार खोटे बोलते आहे. दाजींच्या गाडीत दोघांत एका अंशाचा फरक होता. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुस्तकांत तो १०१ किलोपास्कल दिलेला असतो, पण ती समुद्रकिनाऱ्याची गोष्ट झाली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा इथे आकडा ९५ च्या आसपास यायला हवा. तो तसाच आला. म्हणजे संशयितांच्या यादीतून सेन्सरांचा एक गट, एक रुपयाही खर्च न होता, बाजूला झाला.

मग ईसीएमने नोंदवलेले दोषांचे कोड वाचले. तीन निघाले: चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिश्रण न पेटणे) सांगणारा पी०३०४, आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचा पी०५०७, आणि कॅम सेन्सरच्या सर्किटचा पी०३४०. शेवटचा कोड नवा सेन्सर घातल्यानंतरचा होता. गॅरेजमध्ये कोड दिसला की भाग बदलायचा आणि कोड पुसून टाकायचा अशी रीत पडली आहे. ‘साहेब, कोड आला म्हणजे सेन्सर गेला, त्यात बघायचं काय?’ असे मिस्त्री मला म्हणालेही. प्रत्यक्षात पी०३४० हा कोड सेन्सरचे नाही, सेन्सरच्या सर्किटचे नाव घेतो; त्या सर्किटात सेन्सर, तीन तारा, दोन कनेक्टर आणि अर्थिंग हे सगळे येते. शिवाय कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होते, किती फेऱ्यांवर होते, गाडी किती वेगात होती, हे ईसीएम कोडसोबत नोंदवून ठेवतो. कोड पुसला की ही नोंदही जाते. नशिबाने गॅरेजच्या शेवटच्या फेरीनंतर कोणी काही पुसले नव्हते. मिसफायरचा कोड थंड इंजिनात, आयडलिंगला पडला होता. कॅम सेन्सरचा कोड मात्र कुलंट ९७ अंशांवर असताना पडला होता.

या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि इथेच मला पहिल्यांदा वाटले की आपण एका नव्हे, दोन वेगवेगळ्या दोषांच्या मागे आहोत. एक थंडीतला आणि एक गरमीतला. दोघांची लक्षणे दाजींच्या ‘मिसिंग’ या एकाच शब्दाखाली जमा झाली होती, आणि म्हणूनच कोणताही एक भाग बदलून गाडी पूर्ण सुधारत नव्हती.

इंजिनावरचा आळ आधी काढून टाकणे आवश्यक होते. चारही प्लग काढून, इंधन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजले. थ्रॉटल पूर्ण उघडा न ठेवता केलेली कॉम्प्रेशन टेस्ट निरुपयोगी असते, कारण इंजिनाला श्वासच घेता येत नाही आणि सगळे आकडे खोटे कमी येतात. चारही सिलिंडर १७५ ते १८५ पीएसआयच्या दरम्यान होते. पेट्रोल इंजिनात हा आकडा उत्तमच म्हणायचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चारांत फरक जवळजवळ नव्हता. चौथा सिलिंडर आतून निरोगी होता, म्हणजे व्हॉल्व्ह, रिंग आणि हेड पॅकिंग यांची चौकशी तिथेच संपली.

आता चौथ्या सिलिंडरच्या बाहेरच्या गोष्टी. या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल बसते. चौथ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची चौथ्यावर लावून गाडी चालू केली. दोष कॉइलमध्ये असता तर मिसफायर तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला असता. तो चौथ्यावरच राहिला. प्लगांचीही तशीच अदलाबदल केली, तरी तो हलला नाही. ही परीक्षा फुकट आहे, दहा मिनिटांची आहे, आणि ती न करता बदललेली कॉइल अजून दाजींच्या माळ्यावर पडून आहे.

यानंतर चालू इंजिनाचे आकडे पाहिले. आयडलिंगला, एसी बंद असताना, धडधाकट इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये ३० ते ३५ किलोपास्कलच्या आसपास दाब असतो. थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने पिस्टन हवा ओढत राहतात आणि आत पोकळी तयार होते. इथे दाब ४६ होता आणि इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला साडेनऊशे ते बाराशेच्या दरम्यान झुलत होत्या. ईसीएमने थ्रॉटल जेवढा बंद करता येईल तेवढा बंद केला होता, तरी हवा येतच होती. थोडक्यात, ती थ्रॉटलमधून येत नव्हती.

येथे एक बारकावा सांगतो, कारण तो चुकला तर माणूस भलतीकडे जातो. हवेची गळती म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि पातळ मिश्रण म्हणजे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोलात करतो ती वाढ-घट, पंचवीस टक्क्यांवर, असे सर्वत्र सांगितले जाते. जिथे आत येणारी हवा मास एअर फ्लो सेन्सरने मोजली जाते तिथे ते खरे आहे, कारण गळतीची हवा त्या सेन्सरला चुकवून आत शिरते. मॅप सेन्सरच्या गाडीत मात्र गळतीमुळे मॅनिफोल्डचा दाबच वाढतो, ईसीएमला तो दिसतो आणि तो तेवढे पेट्रोल वाढवतो. परिणामी ट्रिम फारसा हलत नाही, उलट आयडलिंग चढते. दाजींच्या गाडीत ट्रिम अधिक नऊ-दहा टक्के होता, आणि त्याचेही मुख्य कारण गळती नसून मिसफायर होते. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरच्या वाटेने जातो, ऑक्सिजन सेन्सरला वाटते मिश्रण पातळ आहे, आणि ईसीएम चारही सिलिंडरांना जास्त पेट्रोल पाजतो. दाजींचे अ‍ॅव्हरेज घसरण्यात याचा मोठा हात होता.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधायला धूर सोडण्याचे यंत्र उत्तम, पण ते हाताशी नव्हते. इंजिन थंड असताना मॅनिफोल्डच्या जोडावर कार्ब्युरेटर क्लीनरचे छोटे फवारे मारत गेलो. गरम एक्झॉस्टजवळ हा उद्योग करू नये, कारण तो फवारा पेट घेतो. पहिल्या तिन्ही सिलिंडरांच्या जोडांवर काही झाले नाही. चौथ्याच्या जोडाच्या खालच्या अंगाला फवारा जाताच इंजिनाचा आवाज बदलला आणि फेऱ्या क्षणभर सावरल्या. मॅनिफोल्ड उतरवल्यावर दिसले ते असे: पॅकिंग इतक्या वर्षांच्या दाबाने चपटे झालेले, त्याच्या खोबणीत पुराच्या गाळाचा बारीक थर, आणि मागच्या बाजूचा, हात न पोहोचणारा एक नट केवळ बोटाने फिरवून सोडलेला. नवे पॅकिंग घातले, खोबण साफ केली, सगळे नट मधून बाहेरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला ताकद दाखवण्यात अर्थ नसतो, त्याला सारखा दाब लागतो. इंजिन सुरू झाल्यावर फेऱ्या साडेसातशेवर स्थिरावल्या, दाब ३३ वर आला आणि चौथ्या सिलिंडरचा मिसफायर मोजणारा आकडा शून्यावर थांबला.

दाजींनी तेवढ्यावर पेढे आणायची तयारी केली होती. मी त्यांना थांबवले, कारण गरमीतला दोष अजून तसाच होता. कागलपर्यंत जाऊन आलो. येताना पंखा सुरू झाला, एसी चालू, दिवेलागणीची वेळ म्हणून हेडलाईट चालू, आणि गोकुळ शिरगावच्या पुढे गाडीने पुन्हा धक्के मारायला सुरुवात केली. पी०३४० परत आला.

कोणती परिस्थिती असली की दोष येतो हे नीट पाहिले, तर तापमानापेक्षा दुसरीच गोष्ट समान होती. पंखा, एसी, दिवे, म्हणजे विजेचा भार. भार वाढला की धक्के. एसी आणि दिवे बंद केले की गरम इंजिनसुद्धा बरेच शांत. आणि गरम असताना सेल जड फिरणे. या दोन्हींना जोडणारी गोष्ट एकच असते, अर्थिंग, आणि माझ्या कागदावर तिच्याखाली आधीच रेघ होती.

अर्थिंगबद्दल सर्वसाधारण समज असा की बॅटरीची काळी तार बॉडीला लागली की काम झाले. इंजिन बंद असेपर्यंत हे पुरेसे आहे. इंजिन चालू झाल्यावर मात्र वीज पुरवतो तो अल्टरनेटर, आणि अल्टरनेटरचे ऋण टोक म्हणजे खुद्द इंजिनाचा ब्लॉक. हेडलाईट, पंखा, ब्लोअर हे सगळे आपला प्रवाह बॉडीत सोडतात आणि तो प्रवाह परत अल्टरनेटरकडे, म्हणजे ब्लॉककडे, पोहोचावा लागतो. इंजिन मात्र रबरी फाउंडेशनवर बसलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून हेड किंवा ब्लॉकपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी दिलेली असते. ती नसेल तर सगळा प्रवाह उरलेल्या एखाद्या बारीक वाटेने जातो, वाट मिळेल तिथून, कधी कधी क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, आणि मग ती केबल गरम लागते. त्या वाटेवर जो व्होल्टेज खर्च होतो, तेवढ्याने ब्लॉकची आणि बॉडीची पातळी एकमेकींपासून सरकते. सेन्सरचे काही अर्थिंग इंजिनावर आणि काही बॉडीवर असेल, तर ईसीएमला येणारा सिग्नल तेवढाच सरकलेला येतो. कॅम सेन्सर नवा असो की जुना, त्यात त्याचा दोष काय?

मोजमाप सोपे आहे, फक्त ते तार सुटी करून नव्हे, भार चालू असताना करावे लागते. मल्टीमीटर ओहमवर ठेवून अर्थिंगची तार तपासली तर ती बहुतेक वेळा निर्दोष दिसते, कारण मीटर अगदी किरकोळ प्रवाह सोडतो आणि तेवढा प्रवाह तांब्याच्या एका उरलेल्या धाग्यातूनही सुखाने जातो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनाच्या हेडवर, आणि दाजींना सेल मारायला सांगितला. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालले असते, मीटरवर १.१ दिसले. मग गाडी चालू ठेवून पंखा, ब्लोअर आणि हेडलाईट लावले आणि हेड ते बॉडी मोजले. जिथे शून्याच्या जवळपास काही हवे, तिथे ०.७ व्होल्ट होते.

खात्री करण्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय केला: जंप स्टार्टच्या केबलचे एक टोक हेडच्या लिफ्टिंग हुकला आणि दुसरे बॉडीच्या मोकळ्या धातूला लावले. धक्के त्या क्षणी थांबले. केबल काढली, धक्के परत. लावली, बंद. मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी स्वतः दोन वेळा केबल काढून-लावून पाहिली आणि मग काही न बोलता बॉनेटखाली टॉर्च घेऊन वाकले.

पट्टी नव्हतीच. नव्या इंजिनाच्या हेडवर तिच्या भोकात एसीच्या पाईपचा ब्रॅकेट बसवला होता आणि पट्टीचे काय झाले हे कोणाला आठवत नव्हते. उरली होती ती बॅटरीपासून गिअरबॉक्सच्या कवचाला जाणारी तार. तिचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, उघडला तेव्हा खाली गंज आणि वर हिरवट-पांढरी भुकटी होती. कातडे मागे सरकवल्यावर आतले तांबे काही इंचांपर्यंत काळे पडलेले निघाले. पुराचे पाणी विणलेल्या तारेत केशाकर्षणाने वर चढते आणि प्लॅस्टिकच्या आवरणात अडकून महिनोन्‌महिने तांबे खात राहते. बाहेरून तार नव्यासारखीच दिसते. गरम असताना त्रास वाढत होता, कारण उष्णतेने अशा खाल्लेल्या जोडाचा रोध आणखी वाढतो आणि नेमका त्याच वेळी पंख्याचा भार येतो.

लक्ष्मीपुरीतून जाड तांब्याची केबल आणि लग आणून दोन्ही वाटा नव्या केल्या. लग हातोडीने ठोकून चपटा करायचा नाही, तो योग्य साच्याच्या पकडीने दाबून घ्यायचा. बसण्याची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायची, आवळायची आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावायची. आधी जेली लावून मग आवळण्यात काही लाभ नाही. त्यानंतर सेल मारताना ०.१५ आणि पूर्ण भारात हेड ते बॉडी ०.०४ व्होल्ट असे आकडे आले.

ईसीएमचे काय, हा प्रश्न राहिला होताच. ईसीएम मरतो, पुरात तर नक्कीच मरू शकतो, पण त्याला दोषी ठरवण्याआधी त्याच्या कनेक्टरवर येणारा बारा व्होल्टचा पुरवठा आणि त्याची अर्थिंगची तार भारासहित मोजणे हे किमान कर्तव्य आहे. या गाडीत त्याचा कनेक्टर उघडला तेव्हा पिना कोरड्या आणि स्वच्छ होत्या. पाण्याखाली राहिलेले बाकीचे कनेक्टरही त्याच बैठकीत उघडले, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवले. ऑक्सिजन सेन्सरच्या कनेक्टरमध्ये तोवर चिखल होता. पूर येऊन गेलेल्या गाडीत हे काम इंजिन उतरवलेले असतानाच करावे, कारण तेव्हा सगळीकडे हात पोहोचतो.

अखेरची चाचणी पन्हाळ्यावर घेतली. चढ, एसी, दिवे, पंखा, सगळे एकदम. वर पोहोचेपर्यंत एक धक्का नाही. तटाजवळ गाडी बंद करून पुन्हा नुसती चावी ऑन केली तेव्हा मॅप सेन्सरने ९० किलोपास्कल दाखवले, जे त्या उंचीला अगदी योग्य होते. गरम इंजिनवर सेल पहिल्याच झटक्यात फिरला. दाजींनी तिथे भाजलेले कणीस खाल्ले आणि ईसीएमच्या वाचलेल्या पैशांचा हिशेब मला तीन वेळा सांगितला.

एक थरथर मात्र उरली होती, रिव्हर्समध्ये जास्त, आणि तिलाही दाजी मिसिंगच म्हणत होते. ती फाउंडेशनची होती. इंजिन बसवताना तिन्ही फाउंडेशनचे बोल्ट आधी सैल लावून, इंजिन हलवून, त्याला आपल्या वजनाने बसू द्यायचे आणि मग आवळायचे असतात. एकेक करून थेट आवळले की रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि कंप बॉडीत उतरतो. बोल्ट सैल करून पुन्हा आवळले, तेवढ्याने काम झाले. कुलंटमधली अडकलेली हवाही त्याच वेळी काढून घेतली.

कागदपत्रांचे काम गॅरेजने ग्राहकावर सोडलेले असते आणि ग्राहक ते विसरतो. इंजिन बदलले की इंजिन क्रमांक बदलतो, आणि नोंदणी प्रमाणपत्रावर जुना क्रमांक राहिला तर पुढच्या विमा दाव्याच्या वेळी किंवा गाडी विकताना नेमके तिथेच बोट ठेवले जाते. अपघातातल्या गाडीचे इंजिन घेताना त्याची खरेदी पावती आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत मागून घ्यावी. दाजींकडे पावती होती, म्हणून आरटीओतली नोंद आणि विमा कंपनीला कळवणे, दोन्ही सुरळीत झाले.

सगळे संपल्यावरही आयडलिंगला ट्रिम अधिक सहा टक्क्यांवर रेंगाळत होता, आणि हायवेवर तो शून्याजवळ येई. हा आकडा चालण्यासारखा आहे, पण मला तो आवडला नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाईपच्या जोडावर, ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, काजळीची बारीक रेघ दिसली. तिथून आयडलिंगला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ भासते. फेऱ्या वाढल्या की तोच परिणाम पुसट होतो. तिथलेही पॅकिंग जुनेच घातलेले होते. पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी मिस्त्रींनी ते न सांगता स्वतःहून नवे घातले, आणि ट्रिम दोनवर आला.